सोलापूरच्या बालवाडीत हिवाळा कसा शिकवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातली एक बालवाडी. छोटा गट आणि मोठा गट एकाच खोलीत, साडेतीन ते साडेपाच वर्षांची तिसेक मुलं, वेळ नऊ ते बारा. डिसेंबर-जानेवारीत ‘विंटर थीम’ घ्या, असं वरून सांगितलंय. नेटवर शोधलं की कापसाचा स्नोमॅन, पेंग्विन आणि कातरकामाचे स्नोफ्लेक एवढंच हाती लागतं. खर्चाला पैसे जवळजवळ नाहीत. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात. आणि पालकांचा रोजचा प्रश्न, “आज वहीत काय लिहिलं?”

ताई, आधी त्या स्नोमॅनचं बघू. तो केला म्हणून काही बिघडत नाही. पण त्यात मुलाच्या वाट्याला काय येतं? तुम्ही रात्री जागून गोल कापायचे आणि मुलानं त्यावर कापूस चिकटवायचा. शिवाय कापूस हाताला उबदार लागतो, रात्री दुलईत तोच असतो, आणि आपण त्याला सांगतो की हा थंडगार बर्फ आहे. हात एक सांगतो, बाई दुसरंच. मूल बाईंचं ऐकून गप्प बसतं, तिथेच शिकणं संपतं. इंग्रजीच्या पुस्तकात स्नोमॅनचं चित्र असेल तर ते दाखवा, काश्मीर-हिमाचलात असा बर्फ पडतो म्हणून सांगा, गोळेवाला करतो तसा किसलेला बर्फ एका घमेल्यात घालून त्यात हात बुडवू द्या. एक सकाळ पुरे. बर्फात मीठ मात्र घालू नका. मीठ घातलं की तो आणखी गार होतो आणि लहान मुलांच्या कातडीला इजा होते.

आता आपला हिवाळा. सोलापुरात डिसेंबरातल्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी ३० च्या घरात जातो. सकाळी कानटोपी घालून आलेलं मूल घरी जाताना घामेजलेलं असतं. तक्रार करतो आपण याची, पण बालवाडीच्या बाईंसाठी हे घबाड आहे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे नुसती थंडी नव्हे, एकाच सकाळी होणारा मोठा बदल, आणि तो नेमका तुमच्या शाळेच्या वेळेत होतो. म्हणून उपक्रम निवडताना मी एकच कसोटी लावते: नऊ वाजता एकदा बघता येईल आणि घरी जाण्याआधी पुन्हा बघता येईल, असं त्यात काही आहे का? या वयाला ‘ऋतू’ कळत नाही, चार महिने म्हणजे काय तेही कळत नाही. ‘मघाशी असं होतं, आता तसं झालं’ हे पक्कं कळतं.

सगळ्यात सोपी सावली. खडू आणि अंगण, बाकी काही लागत नाही. नऊच्या सुमारास जोड्या करा. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं आधी त्याच्या पावलांभोवती खडू फिरवायचा, मग सावलीभोवती. आत मुलाचं चिन्ह काढा. नाव वाचता येत नसतं, पण ‘माझा पतंग’, ‘माझी चमची’ हे ओळखता येतं. अकरा वाजता त्याच पावलांत पुन्हा उभं करायचं. तुमच्या माहितीसाठी हिशेब सांगते. २२ डिसेंबरच्या आसपास सोलापुरात सकाळी नऊला सावली उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त असते आणि अकराला जवळजवळ उंचीइतकीच होते. म्हणजे मीटरभर उंचीच्या मुलाची नऊची सावली दोन मीटरच्या वर आणि अकराची त्याच्या स्वतःएवढी. इतका ढळढळीत फरक कुठल्याही तक्त्यानं दाखवता येणार नाही. शिवाय सावली नुसती आखडत नाही, वळतेही. सकाळी ती वायव्येकडे पडलेली असते, मग उत्तरेकडे सरकत जाते. त्यामुळे दुसऱ्या वेळी मुलं खडूच्या रेघेत सावली बसवायला बघतात आणि ती बसत नाही. कुणी म्हणतं सावली पळाली, कुणी म्हणतं खडू चुकला, कुणी दुसऱ्यावर ढकलतं, “बाई, ह्यानं पुसली.” त्या वेळी सूर्याचं सांगायची घाई करू नका. “उद्या परत बघू या का?” एवढंच म्हणा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादं पोर आधीच सांगतं की आता छोटी होणार. तुम्हाला तेच हवंय.

मोजायला फूटपट्टी नको, सूत घ्या. तुमच्या भागात यंत्रमागाचं तुटकं सूत कुणाच्याही घरी मिळेल. नऊच्या सावलीएवढा एक धागा, अकराच्या सावलीएवढा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही भिंतीवर मुलाच्या चिन्हाखाली शेजारी शेजारी लटकवा. तिसेक मुलांचे धागे लागले की भिंतीवर आपोआप आलेख तयार होतो आणि ‘लांब-आखूड’, ‘जास्त-कमी’, ‘सारखं’ हे शब्द न शिकवता तोंडात येतात. (मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, तो दिवस मुलांना दाखवायला फार आवडला असता, पण तेव्हा शाळाच बंद.)

दुसरं, खोबरेल तेल. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि वितळतं. आपली डिसेंबरची सकाळ त्याच्या खाली असते, दुपार वर. काचेच्या दोन छोट्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत बोटभर खोबरेल, दुसरीत तितकंच करडईचं तेल. रात्री खिडकीबाहेर, मांजर पाडणार नाही अशा जागी ठेवा. सकाळी खोबरेल पांढरं घट्ट, बाटली उलटी केली तरी हलत नाही. करडईचं मात्र जसंच्या तसं. मग दोन्ही बाटल्या उन्हाच्या पायरीवर ठेवा आणि आपलं काम सुरू करा. गाणं झालं की एकदा बघून यायचं, डबा झाला की एकदा. कडेनं आधी सुटतं, मधला पांढरा गड्डा तेलात सुटा होतो, मग तोही जातो. तेल बोटभरच घ्यायचं ते यासाठी. बाटली भरून घेतली तर बारापर्यंत वितळत नाही आणि गंमत निघून जाते. ढगाळ हवा असेल तर एखाद्या रात्री तेल गोठणारच नाही. तसंच दाखवा, “आज काय झालं असेल?” विचारा. मुलांची उत्तरं लिहून ठेवा, दुरुस्त करू नका. शेवटी थेंबभर तेल प्रत्येकाच्या तळहातावर. हिवाळ्यात कातडी इतकी कोरडी असते की हातावर नखानं रेघ ओढली तर पांढरी उमटते. तेल लावल्यावर ती रेघ उमटते का, हे मुलं स्वतःच बघतात. हा प्रयोग मी कुणाला सांगितलेला नाही, मुलांनीच काढलेला आहे.

तिसरं, स्वेटर. दारापाशी एका पुठ्ठ्यावर दोन रकाने करा, एकात स्वेटर घातलेला मुलगा, दुसऱ्यात बिनस्वेटरचा. प्रत्येक मुलाच्या चिन्हाचं एक झाकण. गरम वाटलं की मुलानं स्वतः स्वेटर काढायचा, घडी घालायची, खुंटीवर लावायचा आणि आपलं झाकण पलीकडे न्यायचं. साडेनऊला कुठे किती, अकराला कुठे किती, मोजायचं. आलेख झाला, गणित झालं, आणि बटण, चेन, बाह्या सरळ करणं ही बोटांची कामं झाली. लेखनासाठी बोटं तयार व्हायला चार पानं गिरवण्यापेक्षा दोन आठवड्यांची बटणं बरी. घरून “बाई, स्वेटर काढू देऊ नका” असा निरोप असतोच. त्या आईशी आधी बोलून घ्या.

इथे एक जपायचं. सगळ्यांकडे स्वेटर नसतो. “उद्या सगळ्यांनी आपापला छान स्वेटर घालून या” असं चुकूनही म्हणू नका. ज्याच्याकडे नाही ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. वर्गाची म्हणून एक पेटी ठेवा: दोन-चार जुन्या कानटोप्या, मफलर, शाल, आजोबांचा कोट, मोजे. ज्याला हवं त्यानं त्यातलं घालायचं. मोठ्या माणसाचा कोट घातलेलं पोर असंही राजासारखं फिरतं.

आता सोलापुरात असून चादर घेतली नाही तर काय उपयोग! चादरीवर बोलायला पोरांकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. कुणाचे बाबा मागावर आहेत, कुणाची आजी कांड्या भरत होती, कुणाच्या घरात माग अजून खडखडतो. चादर उलटीसुलटी दाखवा. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तो दुसऱ्या बाजूला जमिनीचा. मुलांना हे शोधू द्या, मग ‘इथे लाल तर पलीकडे?’ असा खेळ अर्धा तास चालतो. पण चादरीचा खरा उपक्रम वेगळा आहे आणि त्याला मी सगळ्यात जास्त वेळ देईन.

पहिल्या दिवशी स्टीलचे दोन सारखे पेले घ्या, दोन्हींत सारखंच कोमट पाणी, तुमच्या मनगटाला सोसेल इतपत. दोन्हींवर ताटल्या झाका. एक पेला चादरीच्या तुकड्यात नीट गुंडाळा, दुसरा तसाच. गोष्ट सांगून होईपर्यंत, वीसेक मिनिटं, थांबा. मग प्रत्येकानं दोन्ही पेल्यांना हात लावायचा. गुंडाळलेला गरम, उघडा गार. मुलं एकमुखानं सांगतात: चादर गरम असते! बरं म्हणा, वाद घालू नका.

दुसऱ्या दिवशी बर्फाचे दोन सारखे खडे आणा, घरून थर्मासमधून आणले तरी चालतील. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, म्हणजे चादर भिजणार नाही. भिजली की प्रयोग फसतो. एक चादरीत घट्ट गुंडाळा, दुसरा ताटलीत उघडा, दोन्ही सावलीत. आता गुंडाळण्याआधी विचारा, कुठला आधी वितळेल? जवळजवळ सगळी मुलं चादरीकडे बोट दाखवतात. चादर गरम असते ना, कालच बघितलं! अर्ध्या तासानं ताटलीतल्या पिशवीत पाणी झालेलं असतं आणि चादरीतला खडा बराचसा शाबूत. तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते. मग एखादं म्हणतं, “बाई, परत करा.” परत करा. तिसऱ्यांदाही करा. कुणाला तरी गोळेवाल्याच्या गाडीवरची गोणपाटात गुंडाळलेली लादी आठवते, नाही आठवली तर तुम्ही आठवण करून द्या: “तो बर्फाला पोतं का बरं पांघरतो?”

याचं उत्तर तुम्हाला माहीत हवं, मुलांना लगेच सांगायला नको. चादर स्वतः ऊब तयार करत नाही. धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे ऊब आतली बाहेर आणि बाहेरची आत जायला वेळ लागतो, इतकंच. रात्री पांघरुणात जी ऊब असते ती आपल्याच अंगाची. मोठ्या गटातली एक-दोन मुलं इथपर्यंत पोचतात, बाकीची नाही पोचत. न पोचोत. “चादर गरम असते” या पक्क्या समजुतीला पाच वर्षांच्या वयात एक तडा गेला, तर पुढे सहावी-सातवीच्या विज्ञानाच्या बाईंचं काम हलकं होईल.

विणकाम मोठ्या गटालाच द्या. जुन्या कॅलेंडरच्या तीन-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या, पाच उभ्या, पाच आडव्या. एक वरून, एक खालून. अरुंद पट्ट्या दिल्या की मुलं रडकुंडीला येतात. छोट्या गटाला त्या वेळी स्पर्शाची पिशवी द्या: घोंगडीचा तुकडा, टॉवेल, चादर, आजीच्या वाकळेची चिंधी, गोणपाट. आत हात घालून, न बघता ओळखायचं. सांगोला-मंगळवेढ्याकडची घोंगडी मिळाली तर उत्तम, तिच्या खरखरीतपणाला तोड नाही.

खाण्याचं. हे दिवस हुरड्याचे, हरभऱ्याच्या डहाळ्याचे, बोरांचे, गाजरांचे. हुरडा डिसेंबरअखेरीपासून जानेवारीत मिळतो. वर्गात आगटी पेटवायची नाही, कितीही मोह झाला तरी. भाजलेली कणसं कुणा शेतकरी पालकाकडून गरम-गरम डब्यात मागवा, नुसती कोमट झाली की मुलांच्या हाती द्या. कणीस तळहातांत चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, दाणे तोंडात. चोळणं आणि फुंकणं ही दोन्ही कामं या वयाला मेहनतीची आहेत. बोटांसाठी आणि उच्चारांसाठीही ती चांगली. गुळाचा खडा आणि किंचित शेंगाचटणी सोबत असली की तुमचं पोषण, विज्ञान आणि भाषा एकाच ताटात आली. हरभऱ्याचे घाटे सोलायला द्या. घाटा दाबला की ‘फट्’ आवाज येतो, त्यासाठीच मुलं शंभर घाटे सोलतील. पाल्याची आंब बोटांना लागते, ती चाटून आंबट-खारट चेहरे करण्यातही मजा असते, पण त्यासाठी फवारणी न केलेल्या शेतातलाच डहाळा हवा, ओळखीचा.

इथे दोन-तीन गोष्टी कडक शब्दांत सांगते. या वयाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चे हरभरे सुटे खायला देऊ नका, घशात अडकतात. नाकात घालण्याचा मोह तर हरभऱ्याला बघून होतोच. मोजायला बिया हव्यात तर चिंचोके घ्या, तुमच्या नजरेसमोर, मोजून द्या आणि मोजून परत घ्या. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं, गुलाबी-लाल रंगाचं दिसतं ते, कितीही सुंदर दिसलं तरी वर्गात आणू नका. गुंजा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात, हस्तकलेलाही नकोत. बोरं द्यायची तर बिया काढून, फोडी करून.

तिळगुळाचे लाडू वर्गात वळण्यापेक्षा मला गुळाचं पाणी जास्त आवडतं. दोन पेले, एकात गार पाणी, एकात कोमट, दोन्हींत सारखा गुळाचा खडा. ढवळायचं नाही, नुसतं बघायचं. कोमट पाण्यात तपकिरी धूर निघाल्यासारखा गूळ खाली उतरतो, गार पाण्यात खडा बराच वेळ बसून राहतो. शेवटी दोन्ही पेले थेंब-थेंब चाखायला. संक्रांतीची गोष्ट त्यानंतर सांगा, जास्त लक्ष लागतं.

भोगीच्या आधी एखादा दिवस भाज्यांना द्या. प्रत्येकानं घरून एकच भाजी आणायची, एक वांगं किंवा मूठभर पावटा. रंगानं लावा, शेंगा वेगळ्या काढा, मातीखालच्या वेगळ्या. शेवटी सेविकाबाईंनी मिसळून भाजी करावी. याबद्दल जास्त लिहीत नाही, हे सगळ्याच शाळा बरं करतात.

तेलुगू आणि कन्नड घरांच्या मुलांबद्दल तुम्ही विचारलंय. ती तुमची अडचण नाही, तुमची सोय आहे. धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, पूर्व भागातल्या कितीतरी दारांत ठिपक्यांचे मुग्गु, म्हणजे तेलुगू घरांतल्या रांगोळ्या, घातलेले असतात. त्या आयांना वर्गात बोलवा. एखादी आई वहीतलं वाचायला सांगितलं की ओशाळते, पण रांगोळीचं पीठ चिमटीत धरलं की तिचा हात असा चालतो की आपण बघत राहावं. तिनं अंगणात ठिपके मांडावेत, तीन ओळींत तीन, मग चार ओळींत चार, आणि मुलांनी तिच्याबरोबर मोजावेत, तेलुगूत मोजले तर तेलुगूत. एक-एक ठिपक्याला एक-एक आकडा, गाळायचा नाही, दोनदा मोजायचा नाही. संख्याज्ञानाचा पाया हाच, भाषा कुठलीही असो. नंतर मुलांना खडू द्या, पीठ नको, ते डोळ्यांत जातं. छोटा गट ठिपके सरळ रेघांनी जोडेल, मोठा गट ठिपक्याभोवती वळसा घालून बघेल. तो वळसा जमला की ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची अर्धी लढाई झाली. आणि ज्या पोराच्या आईला बाईंनी सगळ्यांसमोर ‘आम्हाला शिकवा’ म्हटलं, ते पोर दुसऱ्या दिवसापासून वर्गात जास्त बोलतं. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

मराठी शब्द याच कामांतून द्या, यादी करून नको: गारठा, ऊब, हुडहुडी, शहारे, दव, खरखरीत, मऊ, गोठलं, वितळलं. अंगानं करून दाखवायचे शब्द आहेत हे. हुडहुडी म्हणताना सगळ्यांनी हुडहुडी भरल्यासारखं करायचं. मूल घरच्या भाषेत बोललं तर तोच शब्द तुम्हीही म्हणा, मग मराठीतला म्हणा. पट्टीच्या बडबडगीतांची गरज नाही, चार ओळी तुम्हीच जुळवा. आमच्याकडे हे चालतं:

सकाळी कुडकुड वाजती दात,
वाकळेत लपले दोन्ही हात;
ऊन आलं अंगणात,
स्वेटर गेला दप्तरात!

सिद्धेश्वरांची यात्रा जानेवारीत येते आणि मग वर्गात दुसरा विषयच नसतो. पोरं गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या, पाळण्यांबद्दल आणि मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबद्दल, नंदीध्वजांबद्दलच बोलत असतात. अडवू नका, वापरा. नंदीध्वज सात, आणि ते मानानं, क्रमानं चालतात. पहिला, दुसरा, तिसरा… सातवा, हे क्रमवाचक शब्द शिकवायला सोलापूरइतकी सोय दुसऱ्या गावाला नाही. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या करून सात काठ्या बनवा, त्यांना रंगीत कागद लावा. मुलं स्वतःच रांग लावतात आणि “हर्र बोला हर्र” करत खडूच्या रेघेवरून तोल सांभाळत चालतात. तुम्ही मधूनच विचारा, “तिसऱ्याच्या मागे कोण?” यात्रा साऱ्या गावाची असते, तुमच्या वर्गातली सगळ्या धर्मांची मुलं गड्ड्यावर जातातच. तरी पूजाविधी वर्गात आणू नका, चाल आणि क्रम एवढंच घ्या.

पक्ष्यांसाठी हिप्परग्याच्या तलावावर सहल काढायचा विचार असेल तर या वयाला नको. पाण्याची कड, लांबचं अंतर, आणि लांबवरचे पक्षी मुलांना दिसतही नाहीत. अंगणात किंवा पाण्याच्या टाकीजवळ पांढरा धोबी येतो का बघा. हिवाळ्यातला पाहुणा आहे, शेपटी सारखी वरखाली हलवतो. मुलं दिवसभर तसंच चालतात. ज्यांचं शेत आहे त्यांना भोरड्यांबद्दल विचारा. मध्य आशियाकडून येणारे हे थवे ज्वारीवर उतरतात, म्हणून शेतात माळा आणि गोफण लागते. एखादं पोर तोंडानं गोफणीचा आवाज काढून दाखवेल.

आता वही. पालकांचं चुकत नाही, त्यांना पुरावा हवा असतो. तो द्या. प्रत्येक मुलाचं एक जाड पान रोज भरा: आज मी काय पाहिलं याचं मुलानं काढलेलं चित्र, आणि त्याखाली त्याचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, तुमच्या अक्षरात. “माझी सावली आंटीच्या घरापर्यंत गेली.” वाक्य व्याकरणात बसवू नका. हे पान आईला वाचून दाखवा. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयाच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तकं नकोत असं म्हटलंय. पालकसभेत हे सांगा, सरकारी कागदाचं वजन पडतं. आणि मुख्याध्यापिकाबाईंना हे नवं फॅड वाटलं तर ताराबाई मोडकांचं नाव घ्या. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघ त्यांच्या बरोबरीनं होत्या. आसपास मिळणाऱ्या बिया, खडे, पानं हीच तिथली साधनं होती. महाराष्ट्राच्या बालवाडीची ही जुनीच रीत आहे.

वेळापत्रकाचं शेवटी. दोन आठवडे धरा, पण त्यांत हे सगळं कोंबू नका, मुलांना धाप लागेल. सावली, तेल आणि स्वेटर रोज, दहा-दहा मिनिटं. त्याशिवाय दिवसाला एकच मोठं काम. पहिला आठवडा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरा, तेव्हा तेल बहुतेक रात्री गोठतं आणि सावल्या चांगल्या लांब असतात. दुसरा संक्रांतीच्या आधी, म्हणजे हुरडा, डहाळा, गूळ सगळं हाताशी असतं. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आजूबाजूच्या गावांत शेतं असलेल्यांची मुलं येणार नाहीत, ती आंबील आणि भज्जी खायला शेतात गेलेली असतात. बर्फाचा प्रयोग त्या दिवशी ठेवू नका. गड्ड्याच्या दिवसांतही निम्मा वर्ग रिकामा असतो आणि उरलेला झोपाळू, तेव्हा पिशवीतले स्पर्श आणि गोष्टी एवढंच चालवा.